त्या लेन्सला बुरशी नव्हती

सुनंदा,

तू गेल्यावर झालेल्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी मी उभी राहिले आणि दोनच वाक्यं बोलले. "सुनंदा माझी बारा वर्षांची मैत्रीण. तिच्यामुळे मी नीट पाहायला शिकले." लोकांनी माना हलवल्या. कुणीतरी डोळे पुसले. दोन्ही वाक्यं खरी होती, आणि दोन्हींमागे मी लपले होते.

लखनऊला विकास नगरच्या तुझ्या त्या छोट्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. तुझ्या टेलिफोन ऑफिसातली माणसं जिन्यात उभी होती. बख्शी का तालाबहून बागवाले आले होते, एका जीपमध्ये दाटीवाटीनं बसून, धुतलेले पांढरे कुडते घालून. त्यांतले निम्मे तर मला वीस वर्षं ओळखतात. मी त्यांच्या आंब्यांची डॉक्टर. पण ते माझ्याशी रामराम करून थेट तुझ्या फोटोपाशी गेले आणि बराच वेळ तिथंच हात जोडून उभे राहिले. पंचशील चालू झालं. सगळ्यांबरोबर मीही ओठ हलवत होते, आणि मनात काय चाललं होतं सांगू? मी गेले तर हे लोक येतील का, इतके येतील का. तू जाऊन अकरा दिवस झाले होते आणि मी तुझ्या गर्दीवर जळत होते.

हे दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही. म्हणून तुलाच सांगायला बसले आहे.

आपली पहिली भेट तुझ्याच खिडकीवर झाली. मानक नगरच्या आमच्या क्वार्टरचा फोन तीन आठवडे मेलेला. ह्यांना रेल्वेच्या कामातून फुरसत नाही, म्हणून मी आले होते भांडायला. "हमारा फोन बंद पड़ा है, हमने अर्ज भी दिया था," असं काहीतरी मी तावातावानं म्हणाले आणि काचेपलीकडून तू हसलीस. "ताई, तुम्ही मराठी नं? इथं अर्ज देत नाही जी कोणी. अर्जी देतात." तू भंडाऱ्याची, मी सांगलीची. फोन दुसऱ्या दिवशी सुरू झाला आणि पहिला फोन तुझाच आला, सुरू झाला का ते विचारायला. मग आपण अर्धा तास बोललो. मराठी बोलायला माणूस मिळालं याचाच आनंद होता तेव्हा. तुझी पल्लवी शाळेत होती, तिला सगळं समजायचं पण उत्तर हिंदीत यायचं. माझ्या घरात तर मी आणि हे दोघंच.

मी तुला पहिल्या महिन्यातच 'तू' म्हणायला लागले. तू मला शेवटपर्यंत 'ताई, तुम्ही' म्हणत राहिलीस. मी तीनच वर्षांनी मोठी होते. ते मला कधी खटकलं नाही, आणि हेच आता खटकतं.

रविवारी मी बागांमध्ये जायचे. आंब्याच्या मोहोरावरची बुरशी हा माझा विषय. भुरी, करपा, काळी बुरशी. संस्थेनं मला त्यावर पगार दिला, विद्यापीठानं पदवी दिली. माझ्याकडे मोठा कॅमेरा होता आणि जवळचं टिपायला खास बनवलेली नवी मॅक्रो लेन्स. आमच्या केंद्रात तसा संच दुसऱ्या कुणाकडे नव्हता आणि मी तो गळ्यात अडकवून हिंडायचे त्यात थोडा दिमाखही होता, हे कबूल करते. जाताना वाटेत विकास नगरला तुला घ्यायचे. तू पोळ्या, बटाट्याची भाजी आणि कोथिंबिरीची सांबारवडी बांधून आणायचीस. बागेत वारा आला की मोहोर हलतो, फोटो बिघडतो. तू वाऱ्याच्या बाजूला काळी छत्री धरून उभी राहायचीस. सहा वर्षं तू छत्री धरलीस, सुनंदा. मी एकदाही म्हटलं नाही, घे, तू काढ एक.

तुझ्या बाबांचा भंडाऱ्यात फोटो स्टुडिओ होता हे मला पाचव्या वर्षी कळलं. मी विचारलं नव्हतं. ते गेल्यावर दुकान मोडलं, भावानं सगळं सामान काढून टाकलं आणि तू फक्त एक वस्तू मागून घेतलीस. एनलार्जरची लेन्स. निगेटिव्हवरून मोठा फोटो छापायच्या यंत्रात असते ती. लिंबाएवढी, काळी, कडेला झिजून पितळ दिसणारी. ती तू स्टीलच्या डबीत कापसात ठेवलेली होतीस. "माह्या बाबानं अर्ध्या जिल्ह्याची लग्नं यातून छापली," तू म्हणालीस. मी म्हटलं, वा. आणि विषय बदलला.

मग दोन हजार तेरा साली तुझ्या ऑफिसातल्या कुणीतरी आपला जुना मिररलेस कॅमेरा तुला दिला. त्या रविवारी तू गाडीत बसलीस तीच डोळे चमकवत.

"ताई, यात आरसाच नाही जी."

"मग?"

"मग मधी जागा उरते नं! आपल्या मोठ्या कॅमेऱ्यात आरसा बसवाले जागा लागते, म्हणून त्याले त्याचीच लेन्स लागते. याचं तोंड उथळ आहे. मधी नळी लावायची, समोर कोणतीही जुनी लेन्स लावायची. जेवढी लेन्स पुढं, तेवढं बारीक मोठं दिसते."

"जुगाड," मी म्हणाले.

"जुगाडच," तू म्हणालीस आणि हसलीस. तुला तो शब्द लागला नाही. मी तो लागावा म्हणूनच वापरला होता.

महिनाभर तू ती जुळवाजुळव करत होतीस. इंटरनेटवरून नळ्या मागवल्यास. बाबांच्या लेन्सचे आटे कशातच बसेनात, तेव्हा ऐशबागच्या एका लेथवाल्याकडून पितळेची चकती करून घेतलीस. त्याला तीनदा परत पाठवलंस म्हणे, आटा कणभर तिरका आहे म्हणून. सगळं जोडून झालं आणि बागेत आलो, तर बटण दाबलं की कॅमेरा ढिम्म. मला मनातून गार वाटलं. मी सहानुभूतीनं म्हणाले, "अगं, जुन्या वस्तू नव्याला नाही चालत." तू मोहोराखाली मातीत फतकल मारून बसलीस आणि मेनूमधली एकेक ओळ वाचत राहिलीस. वीस मिनिटांनी ओरडलीस, "ताई, याले वाटून राहिलं का लेन्सच नाही लावली! त्याले सांगा लागते का नसली तरी काढ." आणि खटका वाजला.

फोकस आपोआप होत नव्हता. उजेड कमी-जास्त करायचा तर बोटानं कडी फिरवायची. तू कोपर फांदीवर टेकवायचीस, दम रोखायचीस आणि अख्खं अंग केसभर पुढे, केसभर मागे न्यायचीस. दह्याचा पांढरा डबा कापून फ्लॅशवर चढवला होतास, उजेड मऊ पडावा म्हणून. माझा कॅमेरा अर्ध्या क्षणात फोकस करायचा. तू एका फुलापाशी पाऊण तास बसायचीस. मला वाटायचं, बिचारी.

आणि मग फेब्रुवारीत तू मला तो फोटो दाखवलास.

भुरीचा. माझ्या भुरीचा. आंब्याच्या मोहोरावर चुन्यासारखी पांढरी पूड दिसते, फुलं गळतात, ती. मी ती सूक्ष्मदर्शकाखाली हजारदा पाहिली होती, पण काचपट्टीवर दाबलेली, निळी रंगवलेली, मेलेली. तुझ्या फोटोत ती जिवंत होती. गुलाबीसर देठावर पांढऱ्या तंतूंचं रान उभं होतं आणि एकेका तंतूच्या टोकाशी एकेक बीजाणू, सुटायच्या बेतात. मागे सगळं धूसर, केशरी. मी मान खाली घालून बराच वेळ त्या छोट्या पडद्याकडे पाहत राहिले.

"बरोबर आली काय ताई?" तू विचारलंस.

"कडा सुटल्यात," मी म्हणाले.

त्यावरून आपलं भांडण सुरू झालं ते शेवटपर्यंत मिटलं नाही. माझं म्हणणं, थोडं थोडं पुढे सरकत चाळीस फोटो काढ, कॉम्प्युटरवर एकावर एक रचून जोड, म्हणजे पुढचं-मागचं सगळं स्पष्ट येतं. शास्त्राला ते हवं. तू म्हणायचीस, "सगळंच साफ दिसलं तर पाहणाऱ्यानं कुठं पाहायचं जी?" मी कधी हरले नाही त्या वादात. पण घरी येऊन माझे चाळीस-चाळीसचे रचलेले फोटो उघडायचे आणि ते मला बाजारात मांडून ठेवलेल्या भांड्यांसारखे दिसायचे. सगळी घासलेली, सगळी सारखीच लखलखीत.

त्या वर्षीच्या शेतकरी मेळ्यात मी तुझा फोटो मोठा छापून लावला. उदारपणानं नाही. आमच्या संचालकांनी माझ्या लॅपटॉपवर तो पाहिला आणि विचारलं, "मैडम, यह आपने लिया?" मी अर्धा क्षण गप्प राहिले. तो अर्धा क्षण तुला कधी सांगितला नाही. मग म्हणाले, नाही, माझ्या एका परिचित बाईंनी. मैत्रीण म्हणाले नाही.

मेळ्यात हरिशंकरजी त्या फोटोसमोर थांबले. बख्शी का तालाबपलीकडे त्यांची दीडशे झाडं. मी त्यांना पंधरा वर्षं भुरीवर भाषणं देत होते. ते मान डोलवायचे आणि जांभई द्यायचे. त्या दिवशी ते फोटोच्या इतके जवळ गेले की नाक टेकेल. "अच्छा," ते म्हणाले, "तो ये जानवर है! हम तो चालीस साल से समझे कि चूना है, धूल है। ये तो उगता है!" आणि मग त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. कधी उगतं, कशानं उडतं, सकाळी फवारायचं की दुपारी. मागे आणखी दहा जण जमले. सगळे प्रश्न मलाच विचारत होते, पण पाहत होते फोटोकडे. तू बाजूला पर्स कवटाळून उभी होतीस, लाजून. मी उत्तरं देत होते. जे मी आयुष्यभर करू पाहत होते, ते तू तुझ्या बाबांच्या लिंबाएवढ्या काचेनं करून टाकलंस.

तू आमच्या संस्थेतली शास्त्रज्ञ असतीस तर मी जळले असते, पण सहन केलं असतं. छत्री धरणारी बाई माझ्यापेक्षा चांगलं पाहते, हे सहन होत नव्हतं. आणि त्याखाली आणखी एक थर होता. आमच्या सांगलीच्या घरात कुणाला कुठल्या कपातून चहा द्यायचा हे ठरलेलं असे. मी ते सगळं मागे टाकून आले असं समजत होते. तुझ्या घरी जेवायचे, तुझ्या हातची सांबारवडी मागून घ्यायचे, आणि त्याचंही मला मनात कौतुक वाटायचं. माझंच. ते कप मागे राहिले नव्हते, सुनंदा. माझ्याबरोबर लखनऊला आले होते.

आता ते सांगते, ज्याच्यासाठी हे सगळं लिहितेय.

त्या पावसाळ्यानंतर तू लेन्स घेऊन मानक नगरला आलीस. डबी उघडून माझ्यापुढे धरलीस. "ताई, पाहा नं, आतून धुरकट दिसून राहिलं. बुरशी तर नाही?"

तू योग्य माणसाकडे आली होतीस. लखनऊच्या दमट पावसाळ्यात लेन्सच्या आत खरंच बुरशी धरते, काच खाते, आणि बुरशी ओळखण्यात माझा हात धरणारं त्या गावात फारसं कुणी नव्हतं. मी लेन्स खिडकीपाशी नेली. मागून टॉर्च मारला. आत एक पातळ, सारखा पसरलेला धूसर थर होता. तंतू नाहीत, जाळं नाही, ठिपके नाहीत. बुरशी नव्हती. मला पहिल्या नजरेत कळलं. भिंग आणायचीही गरज नव्हती.

तरी मी भिंग आणलं. मिनिटभर पाहिलं. आणि म्हणाले, "आहे. बऱ्यापैकी आत गेलीय."

"साफ नाही होणार?"

"काच खाल्लेली असते गं. आणि बाकीच्या लेन्सनाही लागते. ही वेगळी ठेव. पॉलिथिनमध्ये बांधून, लांब."

तू डबी मांडीवर घेतलीस. डबीतला कापूस नीट केलास, लेन्स ठेवलीस, झाकण लावलंस. मग म्हणालीस, "बाबाची होती जी." एवढंच. मी चहा टाकला. तू साखर घातली का ते न पाहता प्यायलीस.

मी हे ठरवून केलं नव्हतं. तू दारात उभी राहीपर्यंत मला माहीत नव्हतं की मी असं करीन. पण केल्यावर मागे घेतलं नाही, आणि मागे घ्यायला मला पुढचं वर्षभर रोज संधी होती.

पुढच्या मोहोरात तू साधी लेन्स लावून आलीस. तुझे फोटो ठीक आले. नुसते ठीक. त्या वर्षी आमच्या पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर माझा फोटो आला, चाळीस थर रचलेला, काठोकाठ स्पष्ट. मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, खूप झाला. तू ती पुस्तिका तुझ्या ऑफिसात सगळ्यांना दाखवलीस, "हमारी दीदी" म्हणून. तुझ्या नवऱ्यानं, देवानंदभाऊंनी, मला फोन करून अभिनंदन केलं. तू छत्री धरलीस तेव्हाचाच तो फोटो होता.

मग हिवाळ्यात तू म्हणालीस, अमीनाबादला एक म्हातारे कारागीर आहेत, घड्याळं आणि कॅमेरे दुरुस्त करतात, एकदा दाखवून तर पाहू. "तुम्ही चला नं ताई. तुमचा विषय आहे, तुम्हीच बोला त्यांच्याशी." नाही कसं म्हणू? तुझ्या स्कूटीवर मागे बसून गेले. वाटभर मी एकच प्रार्थना करत होते की त्या म्हाताऱ्याला दिसत नसावं.

अरुंद जिना, वर पलंगाएवढं दुकान. त्या कारागीर चचांनी डोळ्यावर भिंग चढवलं, दोन टोकांच्या चिमट्यानं लेन्सची कडी फिरवली आणि पुढची काच तळहातावर काढून घेतली. कापसाला स्पिरिट लावून एकदा पुसली. कापूस पिवळट झाला. काच लख्ख.

"ये देखिए," ते म्हणाले. "पुरानी ग्रीस है। गर्मी में उड़कर काँच पर जम जाती है।"

"फफूंद नहीं है?" तू विचारलंस.

"फफूंद?" चचा हसले. "फफूंद होती तो मकड़ी जैसा जाला होता, बिटिया। ये तो कोई अनाड़ी भी बता दे। किसने कह दिया आपसे?"

मी जिन्याकडे पाहत होते. खाली कुणीतरी हातगाडीवाल्याशी भांडत होतं.

"किसी ने नहीं, चचा," तू म्हणालीस. "हमको ही लगा था।"

तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. मुद्दाम टाळलंस असंही नाही. तू चचांच्या हातांकडे पाहत होतीस, ते काच परत कशी बसवतात ते. मी त्या क्षणी बोलायला हवं होतं. मराठीत बोलले असते तरी चाललं असतं, चचांना कळलंही नसतं. खाली उतरल्यावर तू म्हणालीस, "ताई, मक्खन मलाई खायची काय? आता हिवाळाच आहे." आपण दोघी रस्त्यात उभ्या राहून द्रोणातून ते फेसासारखं गोड खात होतो. मी दोन घासांनंतर द्रोण तसाच हातात धरून ठेवला. "गोड जास्त झालं काय?" तू विचारलंस. मी हो म्हणाले.

त्यानंतर त्यावर एक शब्द नाही. तुझ्याकडून नाही, माझ्याकडून नाही.

तुला काय वाटलं होतं? ताईंची चूक झाली, त्यांच्या विद्येची अब्रू राखावी, असं? की तुला सगळं कळलं होतं? मी चार वर्षं तुझ्या चेहऱ्यात उत्तर शोधलं. तू पूर्वीसारखीच रविवारी पोळ्या बांधून यायचीस. पूर्वीसारखाच प्रत्येक फोटो आधी मला दाखवायचीस, "बरोबर आली काय?" आणि मी पूर्वीसारखी म्हणायचे, कडा सुटल्यात. तुझे फोटो आता आणखी चांगले येत होते. तुडतुड्याच्या डोळ्यावरचे पट्टे, फुलमाशीच्या पायाला चिकटलेला एकच परागकण. मी त्यांच्यावर जळायचे, आणि आता त्यात भीतीही मिसळली होती. तुझ्यावर प्रेम नव्हतं असं नाही. ह्यांची बायपास झाली तेव्हा नऊ दिवस तू ऑफिसातून थेट इस्पितळात यायचीस, मला घरी झोपायला पाठवायचीस. मी घरी जाऊन झोपायचे आणि तू त्यांच्या उशाशी बसायचीस. अशा माणसाशी मी असं वागले, हे मला धड विसरताही येत नव्हतं, बोलताही येत नव्हतं.

गेल्या डिसेंबरात तुला कावीळ झाली, आणि मग कळलं की नुसती कावीळ नव्हे, कॅन्सर आहे. दोनच महिने मिळाले. एका दुपारी खोलीत आपण दोघीच होतो. तू इतकी बारीक झाली होतीस की बांगडी कोपरापर्यंत सरकायची. मी खुर्ची जवळ ओढली. म्हणाले, "सुनंदा, ती बाबांची लेन्स—"

"ताई," तू म्हणालीस, "यंदा मोहोर लवकर येईल काय?"

मी म्हणाले, येईल, थंडी कमी आहे. मग थंडी, धुकं, हरिशंकरजींची बाग असं बोलत राहिले. तू ऐकता ऐकता डोळे मिटलेस. तू मला अडवलंस की तुला ऐकूच आलं नव्हतं? तेव्हा मात्र मला सुटल्यासारखं वाटलं. आज त्या सुटकेची शरम वाटते.

पुण्यानुमोदनानंतर चार दिवसांनी पल्लवीचा फोन आला. बंगलोरला परत जायच्या आधी घर आवरत होती. मी दुपारी गेले. भाऊ पेन्शनच्या कागदांसाठी गेले होते, ती एकटीच होती. तिनं टेबलावर कॅमेरा, नळ्या, पितळेची चकती, डबी असं सगळं मांडून ठेवलेलं.

"मौसी, पापा कह रहे हैं ये सब आप रख लीजिए। हमें तो लगाना भी नहीं आता। आपके काम आएगा।"

माझा हात पुढे गेला, सुनंदा. लगेच गेला. डबी उघडून मी लेन्स बोटांत धरली, सवयीनं उजेडासमोर नेली. काच स्वच्छ होती. आणि डोक्यात पहिला विचार काय आला? मोहोर सुरू झालाय. आता ते फोटो मी काढीन.

"मम्मी हमेशा कहती थीं," पल्लवी म्हणाली, "ये लेन्स तो ताई ने बचाया। फफूंद लग गई थी, ताई साथ में अमीनाबाद गईं, ठीक कराके लाईं।"

घरी तू हे सांगितलं होतंस. नवऱ्याला, मुलीला. मी वाचवली म्हणून. मी तिथंच खुर्चीत बसले. मला तुझा राग आला, खरंच आला. इतकं कसं कुणी झाकतं? की तुला खरंच तसं वाटत होतं?

"पल्लवी, त्याला बुरशी नव्हती," मी म्हणाले.

"मतलब?"

"नव्हती. मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. मी तुझ्या आईशी खोटं बोलले."

ती माझ्याकडे बघत राहिली. "क्यों?"

"ती माझ्यापेक्षा चांगले फोटो काढायची. मला हेवा वाटत होता." तिला तो शब्द कळला की नाही समजेना. "जलन होती थी।"

तिनं टेबलावरची पितळेची चकती बोटांत फिरवली. मग हळू आवाजात म्हणाली, "उस साल नानाजी की बरसी पर मम्मी बहुत रोई थीं। कह रही थीं, बाबा की एक ही चीज़ माँगी थी मैंने, वो भी सँभाल नहीं पाई।"

हे मला माहीत नव्हतं. मी समजत होते की मी तुझा एक मोहोर खाल्ला. तुझ्या बाबांपुढे तुला गुन्हेगार केलं, हे मला त्या दुपारपर्यंत माहीत नव्हतं.

पल्लवीनं माझ्या हातातून लेन्स काढून घेतली. हिसकावली नाही, नीट घेतली. डबीत ठेवली, झाकण लावलं, टेबलावरचं सगळं सामान एकेक करून आपल्या बाजूला सरकवलं. आणि मग जिनं बारा वर्षांत माझ्याशी एक वाक्य मराठीत बोललेलं नाही ती तुझी मुलगी स्वच्छ मराठीत म्हणाली, "मावशी, तुम्ही आता जा."

मी उठले. चपला घातल्या. दार तिनं माझ्यामागे लगेच लावलं नाही, मी जिना उतरेपर्यंत उभी राहिली असावी, कारण कडीचा आवाज मी फाटकाशी पोचल्यावर आला.

गाडीत बसून मी किल्ली न लावता थांबले. वाटलं होतं, सांगितल्यावर हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. वरच्या खिडकीतून तिच्या रडण्याचा आवाज येत होता, मोठ्यानं, लहान मुलीसारखा. इतके दिवस सगळ्यांसमोर तिनं आवरून धरलं होतं. मी ऐकत राहिले. आणि तुला खोटं सांगत नाही, तिथंही मला हेवाच वाटला. तिचा. तिला तुझ्यासाठी नुसतं रडता येतं. मला रडण्याआधी एवढं सगळं लिहावं लागलं.